चेन्नईच्या ट्रॅकवर जायचंय, स्विफ्टला टायर कोणते टाकू?

नरेंद्रनगर_स्विफ्ट | शुक्रवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. कंपनीच्याच १४ इंची लोखंडी रिम, टायर १६५/८० आर १४. इंजिनाला हात लावलेला नाही. गेल्या दोन हिवाळ्यांत आपल्या गटाबरोबर प्लास्टिकचे शंकू (कोन) लावून, वेळ मोजून गाडी चालवायच्या तीन रविवारी गेलो, त्यातल्या दोनदा शेवटून दुसरा आलो.

जानेवारीत आम्ही सहा जण चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर जातोय. ३.७ किलोमीटरचा लॅप, २० मिनिटांची चार सेशन. धक्काबुक्कीची शर्यत नाही, गटातल्या गटात लॅपच्या वेळेची स्पर्धा. आमच्या वर्गाचा टायरचा नियम एवढाच: रस्त्यावर चालणारा कायदेशीर टायर, छापलेला ट्रेडवेअर २०० किंवा जास्त. सेमी-स्लिकवाल्यांचा (मऊ रबराचे, जेमतेम खाचांचे ट्रॅकचे टायर) वर्ग वेगळा. ट्रेलर परवडत नाही. गाडी चालवतच नेणार, चालवतच आणणार.

तीन वाटा दिसतायत. आहे त्याच टायरवर जायचं; ३८ हजार किलोमीटर झालेत, नक्षी निम्मी शिल्लक आहे. नाहीतर १५ इंची अलॉय घेऊन १९५/५५ चे चांगल्या पकडीचे नवे टायर. किंवा पुण्यातला एक ओळखीचा सेमी-स्लिकचा वापरलेला सेट रिमसकट देतोय, तो नव्या साध्या टायरांपेक्षाही स्वस्त पडतो. वर्ग बदलावा लागला तरी हरकत नाही. मन तिसऱ्यावर बसलंय, म्हणूनच विचारतोय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तिसरा_गिअर | शुक्रवार, रात्री १०:३१

घे बे! विचार काय करून राहिला? सेमी-स्लिक म्हणजे भिंतीवरची पाल. एकदा त्यावर वळण मारलं ना, मग साध्या टायरवर गाडी चालवणं म्हणजे फरशीवर साबण लावून चालल्यासारखं वाटते. पैसे नसतील तं माझ्याकडून घे, पण घे.

निवृत्त_फोरमन | शुक्रवार, रात्री ११:०५

पैसे देण्याआधी एक काम कर बाळा. पुणेवाल्याला चारही टायरच्या साइडवॉलचे, म्हणजे बाजूच्या भिंतीचे, फोटो मागव. डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते इथं टाक, मग बोलू.

नरेंद्रनगर_स्विफ्ट | शनिवार, सकाळी ९:४०

काका, फोटो आले. तीन टायरवर १४१७ आणि एकावर ३११८. नक्षी मात्र झकास आहे हो, सत्तर टक्के तरी असेल.

निवृत्त_फोरमन | शनिवार, सकाळी ११:२०

म्हणजे तीन टायर एप्रिल २०१७ चे आणि चौथा पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातला. चौथा वेगळा का, हे त्याला विचार. एक टायर एकटाच बदलावा लागतो तेव्हा त्यामागे काहीतरी घडलेलं असतं.

आता नक्षीबद्दल. मी ३१ वर्षं कोळसा खाणीत होतो, त्यातली शेवटची बारा उमरेडकडच्या खुल्या खाणीत डंपरच्या देखभालीवर. तिथल्या टायरला आम्ही नक्षीवरून जोखत नव्हतो. त्याचा एक आकडा असतो, टीकेपीएच. टायरवरचा सरासरी भार टनांत, गुणिले पाळीभरातला सरासरी ताशी वेग. टायर बनवणारा सांगतो की या आकड्याच्या वर गेलात तर आत साठणारी उष्णता बाहेर टाकता येणार नाही, थर सुटतील. आणि तो आकडा ३८ अंशांची हवा धरून दिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, म्हणून उन्हाळ्यात आम्ही डंपरच्या फेऱ्यांचा वेग कमी करायचो. तरणे ड्रायव्हर कुरकुरायचे. नक्षी शाबूत असलेला टायर आतून गेलेला मी डझनाने पाहिलाय.

तुमच्या गाडीचा टायर लहान, पण रबराचा स्वभाव तोच. रबर तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं. प्रत्येक फेऱ्यात थोडं कडक होतं. सेमी-स्लिकचं रबर मुळातच मऊ आणि तापूनच चालणारं, त्यामुळे त्याचं आयुष्य किलोमीटरपेक्षा अशा फेऱ्यांत मोजावं. वापर नसला तरी हवेतला ऑक्सिजन आणि ऊन त्याला सुकवतातच. सत्तर टक्के नक्षीचा २०१७ चा सेमी-स्लिक म्हणजे सत्तर टक्के भरलेली शाईची दौत, शाई वाळलेली. नखानं दाबून बघ म्हणावं. नख रुततं का?

तिसरा_गिअर | शनिवार, दुपारी १२:०२

काकांनी माझ्या पालीची शेपटीच तोडली. बरं, वापरलेला नको. नवा सेमी-स्लिक घे. मुद्दा तोच.

धरमपेठची_अंजली | शनिवार, दुपारी ४:४८

मागच्या जानेवारीत मी याच ट्रॅकवर गेले होते, १.२ पेट्रोल हॅचबॅक घेऊन, १५ इंची रस्त्याच्या टायरवर. त्यामुळे थोडं लांबण लावते.

आधी रस्त्याचं. नागपूरहून ४४ नंबरच्या हायवेने हैदराबाद आणि तिथून चेन्नई, मिळून साधारण अकराशे किलोमीटर. परतीचं तेवढंच. तिथे ट्रॅकवर तू फार तर ८०-९० मिनिटं चालवणार, म्हणजे गरम-थंड लॅप धरून शंभर-सव्वाशे किलोमीटर. म्हणजे टायरची जवळजवळ सगळी घिसाई हायवेवर होणार आहे आणि पकड हवी आहे ती उरलेल्या एक-विसांश अंतरात. सेमी-स्लिकवर अकराशे किलोमीटर जाणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं. शिवाय त्याला पाणी कापायला खाचा जेमतेम. वाटेत अवकाळी आला तर ९० च्या वेगाला स्टीअरिंग हातात नुसतं शोभेला राहतं. नवीन सेमी-स्लिक घ्यायचाच असेल तर तो डिकीत आणि मागच्या सीटवर भरून न्यायचा आणि तिथे बदलायचा. स्विफ्टच्या डिकीत चार चाकं मावत नाहीत, मी मोजून पाहिलंय.

आता ट्रॅकवर काय होतं ते. पहिल्या सेशनमध्ये तीन लॅप स्वर्ग. चौथ्या लॅपला पुढची चाकं वळायला तयार नाहीत. मी स्टीअरिंग अजून वळवते, टायर किंचाळतात, गाडी सरळ. मला वाटलं ब्रेक गेले, सस्पेन्शन गेलं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूच्या थांब्यावर, आले तर एका जाणत्या माणसाने फक्त हवेचा काटा लावला: ४३. नागपूर सोडताना सकाळी मी ३२ भरली होती, ती पण १२ अंशांच्या थंडीत.

तेव्हापासून हिशेब पाठ झालाय. बंद टायरमधली हवा तापली की दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) प्रमाणात वाढतो, आणि काटा दाखवतो त्यात वातावरणाचे १४.७ मिळवून गुणाकार करायचा, मग ते परत वजा करायचे. १२ अंशांना ३२ भरलेली हवा चेन्नईच्या ३० अंशांत नुसती उभ्या गाडीत ३५ होते. टायर ८० अंशांपर्यंत तापला की ४३. ठोकळ मानाने दर १० अंशांना दीड पीएसआय. फुगलेला टायर मधल्या पट्टीवरच उभा राहतो, कडा हवेत.

मग मी गरम टायरमधूनच हवा सोडत ३४ वर आणली आणि तिसऱ्या सेशनला गाडी पुन्हा वळायला लागली. टायर तेच, चालवणारी तीच. संध्याकाळी परत भरायची मात्र विसरू नका, नाहीतर थंड झाल्यावर २६-२७ वर हायवेला लागाल. मी विसरले होते. नेल्लोरपर्यंत गाडी जडशीळ का चालतेय ते कळेना.

म्हणून माझं मत: आधी एक बरा, स्वतःचा काटा घे. पेट्रोल पंपावरचा नको, दोन पंपांचे काटे कधी जुळत नाहीत. टायर त्यानंतर.

तर्री_पोहा | शनिवार, सायंकाळी ६:१०

+१ अंजलीताई. पण एवढ्या लांब कशाला, दोन्ही सेट घेऊन रात्री दीड वाजता समृद्धीवर जा, शिवमडक्याहून चढलं की रस्ता रिकामा. कोणता टायर भारी ते अर्ध्या तासात कळते.

धरमपेठची_अंजली | शनिवार, सायंकाळी ६:२२

नाही. हे इथे लिहूही नका. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. आणि समोरच्या ट्रकवाल्याने तुमच्या चाचणीत भाग घ्यायला अर्ज केलेला नसतो.

निवृत्त_फोरमन | शनिवार, सायंकाळी ६:४०

शिवाय सरळ रस्त्यावर टायरची परीक्षा होतच नाही. सरळ तर बैलगाडीही जाते.

तर्री_पोहा | शनिवार, सायंकाळी ६:५५

बरं बाप्पा, चुकलं. शब्द मागे घेतो.

टायरवाला_कामठी_रोड | शनिवार, रात्री ९:३०

आमचा धंदाच हा, म्हणून लिहून राहिलो. दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात नको.

१९५/५५ आर १५ बद्दल. तुमच्या मूळ १६५/८० आर १४ ची उंची काढा: रुंदी १६५ मिलिमीटर, तिचे ८० टक्के १३२ ही बाजूची भिंत, त्याची दुप्पट २६४, अधिक १४ इंचाची रिम ३५५.६, झाले ६२० मिलिमीटर. १९५/५५ आर १५ ची येते ५९५.५. चार टक्के बुटकं चाक. ट्रॅकवर त्याचा फायदाच, गिअर जणू चार टक्के आखूड होतात, स्विफ्ट वळणातून जरा चटकन उठते. पण तुमचा स्पीडोमीटर आणि ओडोमीटर आताच्यापेक्षा चार टक्के जास्त दाखवणार, गाडी एक इंचाच्या आसपास... नाही, अर्धा इंच खाली बसणार, आणि नरेंद्रनगरच्या गतिरोधकांना पोट टेकवणार. १९५/६० आर १५ घेतला तर उंची ६१५, फरक एका टक्क्याच्या आत. याच गाडीच्या महागड्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते, उंची ६२१.५. घरची एकच गाडी असेल तर मी या दोनांतलंच सुचवीन.

भाराचा आकडा पण पाहा. १९५/६० ला साधारण ८८ येतो, म्हणजे चाकामागे ५६० किलो. ८५ म्हणजे ५१५. मूळपेक्षा खाली जाऊ नका. वेगाचं अक्षर टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. स्विफ्ट तेवढी पळत नाही, पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसतो, ट्रॅकवर एच किंवा व्हीच घ्या. १४ इंचातच राहायचं म्हणाल तर १६५/८० मध्ये पकडीचा टायर शोधू नका, तो माप टॅक्सी आणि मायलेजवाल्यांसाठी आहे, सगळे कडक रबराचे.

आणखी एक. १३२ मिलिमीटर उंच साइडवॉल म्हणजे वळणात गाडी आधी टायरवर झुलते, मग वळते. १९५/६० ची भिंत ११७. फरक पहिल्याच चौकात कळते.

सेमी-स्लिक नवे हवे असतील तं थांबावं लागेल. जून २०२० पासून बाहेरच्या टायरच्या आयातीला परवाना लागतो, वर आयएसआयचा शिक्का हवा. गिऱ्हाईक कमी, माप विचित्र, म्हणून कोणी साठा ठेवत नाही. आणि जो टायर 'एका मित्राने बँकॉकहून आणला' असं सांगते, त्याची तारीख आधी वाचा.

नरेंद्रनगर_स्विफ्ट | शनिवार, रात्री ९:५२

बापरे, एवढी माहिती. दादा, ट्रेडवेअर २०० म्हणजे नेमकं काय? माझ्या आताच्या टायरवर हा आकडा शोधून सापडला नाही.

टायरवाला_कामठी_रोड | शनिवार, रात्री १०:१५

ती अमेरिकेची पद्धत आहे. टेक्सासमध्ये ठरलेल्या रस्त्यावर साडेअकरा हजार किलोमीटर गाडी फिरवतात, सोबत एक नमुन्याचा टायर असतो, त्याला १०० धरतात. तुमचा टायर त्याच्या दुप्पट टिकण्याइतका हळू झिजला तं २००, चौपट तं ४००. अमेरिकेत जो टायर विकायला जातो त्यावर छापावंच लागते, आपल्याकडे ज्याच्यावर असेल त्याच्यावर असते. आकडा सरकार देत नाही बरं, कंपनी स्वतः ठरवते. म्हणून एकीचा २०० आणि दुसरीचा २०० सारखे नसतात. आकडा कमी म्हणजे रबर मऊ, एवढाच अंदाज घ्यावा. नियम काय म्हणते ते आयोजकाला लेखी विचारून घ्या, नाहीतर तिथं जाऊन वाद होते.

मुरूम_आणि_मी | रविवार, सकाळी ८:०५

सगळे डांबरावरच बोलून राहिले. या गड्याने वर्षात एक दिवस डांबरावर जायचं आणि आठ रविवार आपल्या मैदानावर, तिथं काय डांबर आहे? मुरूम आहे, आणि एका कोपऱ्यात काळी माती. तिथलं गणित उलटं.

कोरड्या मुरमावर चाकाखाली खडे गोट्यांसारखे फिरतात. रुंद टायर त्यांच्यावर तरंगते, अरुंद टायर ते बाजूला सारून खालच्या घट्ट थरापर्यंत जाते. म्हणून रॅलीच्या गाड्यांना मातीवर अरुंद टायर, त्याच्या नक्षीचे गोटे मोठे, एकमेकांपासून लांब, साइडवॉल जाड. तुमचे कंपनीचे १६५ चे टायर, ज्यांना सगळे नावं ठेवून राहिले, ते आपल्या मैदानावर १९५ पेक्षा बरे. उंच साइडवॉल दगडाचा मार खाते, अलॉयची कड वाचते. मी माझी एक अलॉय अशीच वाकडी केली, मग कळलं लोखंडी रिमला हातोडी मारून सरळ करता येते.

काळ्या मातीचं तं बोलूच नका. दोन थेंब पडले की ती टायरच्या खाचांत भरते आणि चाकाचा लाडू होते. त्यावर ना एमआरएफ चालते, ना मिशेलिन. आयोजकानं ध्वज गुंडाळावा आणि सगळ्यांनी पोहे खायला जावं.

मूळ मुद्दा: जुन्या १४ इंची रिम विकू नका. अलॉयच्या बदल्यात दुकानदार घेतो म्हणते, देऊ नका.

टायरवाला_कामठी_रोड | रविवार, सकाळी ८:४०

बोला, आता आमच्यावर घसरले. पण बरोबर आहे, ठेवा त्या रिम.

पुणेकर_मूळचा_खामल्याचा | रविवार, सकाळी ११:१५

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. पहिल्या ट्रॅक-दिवसाला नवे टायर घेऊच नयेत. आहे त्याच १६५ वर जा. दोन कारणं. एक, साधा टायर सांगून घसरतो. आधी कुरकुरतो, मग ओरडतो, मग हळूच सुटतो. चांगल्या पकडीचा टायर शेवटपर्यंत गप्प असतो आणि सुटतो तेव्हा वेग जास्त असतो. शिकणाऱ्याला ओरडणारा मास्तर बरा. दोन, कोरड्या डांबरावर अर्धा झिजलेला टायर नव्यापेक्षा स्थिर असतो. नव्या टायरचे उंच गोटे वळणात आडवे वाकतात, त्यातून उष्णता आणि डुलकी दोन्ही येतात. बाहेरच्या देशांत लोक पैसे देऊन नवे टायर तासून घेतात. या भाऊंचे फुकटात तासलेले आहेत.

धरमपेठची_अंजली | रविवार, दुपारी १२:०५

पहिलं कारण मान्य, अर्धं. दुसरं कागदावर बरोबर, पण तासलेला नवा टायर आणि झिजलेला जुना टायर एक नव्हे. एकाचं रबर ताजं, दुसऱ्याने किती नागपुरी उन्हाळे उघड्यावर काढले ते विचारा. धागाकर्त्याने आपल्याच टायरची तारीख अजून सांगितलेली नाही.

नरेंद्रनगर_स्विफ्ट | रविवार, दुपारी १:३०

पार्किंगमध्ये आडवा पडून वाचली. २२१६. चारही. गाडी कॉलनीत उघड्यावरच उभी असते, पश्चिमेची बाजू दिवसभर उन्हात. त्या बाजूच्या दोन टायरांच्या साइडवॉलवर केसासारख्या भेगा दिसतायत, आजवर लक्षच गेलं नव्हतं.

निवृत्त_फोरमन | रविवार, दुपारी १:४८

मग ट्रॅकचा प्रश्नच नाही, या टायरवर चेन्नई सोड, वर्धाही जाऊ नकोस. २०१६ च्या मे-जूनचे आहेत. कायदा नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो, पण तो भेगा मोजत नाही. लांबच्या पल्ल्यावर, उन्हात, भरलेल्या गाडीचा टायर फुटतो तो बहुधा असाच, कमी हवेचा आणि म्हातारा.

पुणेकर_मूळचा_खामल्याचा | रविवार, दुपारी २:२०

२२१६ असेल तर माझा सल्ला मागे. मी तीन-चार वर्षांचे धरून चाललो होतो. पण मग नवे घेताना १८५/६५ चा साधा, चांगला टायर घ्या, महागडा नको. ओरडणाऱ्या मास्तराचा मुद्दा अजून कायम आहे.

तिसरा_गिअर | रविवार, दुपारी ३:१०

मी अजून सेमी-स्लिकवरच आहे. आपल्या कोनवाल्या रविवारी मी दर वेळी सगळ्यांच्या पुढे असतो ते कशानं?

धरमपेठची_अंजली | रविवार, दुपारी ३:२५

तू दर वेळी पुढे असतोस ते मार्चमध्ये, डांबरी आवारात, दुपारी एकला. डिसेंबरमध्ये सकाळी आठला तुझा नंबर कितवा होता ते वेळेच्या वहीत आहे, वही माझ्याकडे आहे. सेमी-स्लिकचं रबर ७०-८० अंशांच्या पुढे कामाला लागतं. आपली एक फेरी ५० सेकंदांची. तुझे टायर तापायच्या आत तू शेवटच्या कोनाला असतोस, आणि तो कोन तुझ्या बंपरखाली असतो.

तिसरा_गिअर | रविवार, दुपारी ३:२७

वही जाळून टाका कोणीतरी.

तर्री_पोहा | रविवार, सायंकाळी ५:००

अवांतर, पण टायरवरच आहे म्हणून. २००५ ची इंडियानापोलिसची फॉर्म्युला वन आठवते का? त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला बंदी होती, एकाच सेटवर पूर्ण शर्यत. मिशेलिनचे टायर तिथल्या तेराव्या, तिरक्या उताराच्या वळणावर टिकणार नाहीत हे सरावात उघड झालं. शर्यतीच्या दिवशी चौदा गाड्या फॉर्मेशन लॅप करून सरळ पिटमध्ये गेल्या. ब्रिजस्टोनवाल्या सहाच उरल्या. त्यात जॉर्डन संघाच्या गाडीत आपला नारायण कार्तिकेयन, चौथा आला, पाच गुण. भारतीयाला मिळालेले फॉर्म्युला वनचे पहिले गुण. लोक हसतात की सहातला चौथा. पण ज्याचे टायर टिकले तो शर्यतीत होता, बाकीचे नव्हते. कालच्या समृद्धीवाल्या चुकीची भरपाई समजा.

निवृत्त_फोरमन | रविवार, सायंकाळी ५:३०

भरपाई पोचली.

नरेंद्रनगर_स्विफ्ट | सोमवार, रात्री ८:४५

सगळं वाचून, टायरवाले दादांशी व्यनिवर (खासगी निरोपांत) बोलून ठरवलं: सेमी-स्लिक रद्द. १५ इंची, सहा इंच रुंदीच्या साध्या अलॉय आणि १९५/६० आर १५ चे नवे, एच अक्षराचे रस्त्याचे टायर. बायकोला सांगितलं तेव्हा भेगांचा फोटो आधी दाखवला. ती म्हणाली, मग मुलांना शाळेत सोडायला आजवर याच टायरवर जात होतास? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक शंका. नायट्रोजन भरू का? दुकानात म्हणाले ट्रॅकला तोच लागतो, दाब वाढत नाही.

टायरवाला_कामठी_रोड | सोमवार, रात्री ९:०५

कोणी म्हणाले? आम्ही नाही म्हणालो.

साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असते. तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात, अंजलीताईंचा गुणाकार नायट्रोजनलाही लागू. फरक पडते तो ओलाव्याचा. स्वस्त कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असते, ते टायरमध्ये गेलं की गरम होऊन वाफ होते आणि दाब वेडावाकडा चढते. म्हणून जिथं टाकीचं पाणी रोज काढतात तिथं भरा. फुकट देत असेल तं नायट्रोजन भरा, पैसे मागत असेल तं त्या पैशाचा काटा घ्या.

धरमपेठची_अंजली | सोमवार, रात्री ९:४०

छान ठरवलंस. जाताना हे घेऊन जा: काटा, पायाने मारायचा पंप, वही, पाना, आणि पांढरा खडू. खडूने प्रत्येक टायरच्या कडेवर, नक्षी आणि साइडवॉल जिथे मिळतात तिथे, तीन ठिकाणी आडव्या रेघा मार. सेशननंतर बघ. रेघ साइडवॉलवर खालपर्यंत पुसली गेली तर टायर लोळतोय, हवा वाढव. नक्षीच्या कडेवरची रेघ शाबूत राहिली तर हवा जास्त आहे, सोड. तापमापक बंदूक नसेल तर याहून स्वस्त आणि खरं काही नाही.

पुढच्या आणि मागच्या हवेत फरक ठेव. स्विफ्टचं इंजिन पुढे, ओढतात पुढची चाकं, वळतातही तीच, ब्रेकचा बहुतेक भारही त्यांच्यावर. मागची दोन नुसती मागे येतात आणि थंड राहतात. पहिल्या लॅपला पुढचे गरम, मागचे गार, अशा वेळी वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललास तर मागची बाजू पुढे येईल. पहिला लॅप म्हणूनच हळू. आणि एकच चांगली जोडी घेऊन पुढे लावायचा मोह कधीही करू नकोस, चारही सारखेच.

घरच्या विम्यावर विसंबू नकोस. स्पर्धा आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. कागद वाचून जा.

नरेंद्रनगर_स्विफ्ट | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०:००

परत आलो मंडळी, गाडी धड, मी धड.

जाण्याआधी टायर पाचशे किलोमीटर चालवून घेतले, काकांच्या सांगण्यावरून. नव्या टायरवर साच्यातून सुटायचा बुळबुळीत लेप असतो, तो जायला हवा म्हणाले. नागपूर सोडताना सकाळी ११ अंश, हवा ३३. ट्रॅकवर पोचल्यावर थंड टायरला समोर ३० आणि मागे ३२ केली. पहिल्या सेशननंतर समोर ३८, खडूची बाहेरची रेघ अर्धी पुसलेली. गरमच ३५ वर आणली. दुसऱ्या सेशनला ३६ झाली, रेघ बरोबर काठापर्यंत. मग हात लावला नाही. मागचे कधी ३५ च्या वर गेलेच नाहीत.

पहिल्या आणि चौथ्या सेशनमधल्या माझ्या चांगल्या लॅपमध्ये सव्वासहा सेकंदांचा फरक पडला. टायर तेच होते. दुसऱ्या सेशनला एक जाणते गृहस्थ बाजूला बसले आणि एवढंच म्हणाले, ब्रेक आणि स्टीअरिंग एकाच वेळी पूर्ण मागू नकोस, टायरकडे एकच पगार आहे, दोन घरं कशी चालवेल. त्यानंतर किंचाळणं निम्म्यावर आलं.

आमच्या वर्गात सहातला तिसरा. तिसरा_गिअर सेमी-स्लिकवर होता, ट्रेलरने आला होता, माझ्यापेक्षा चार सेकंद पुढे. वही खरी आहे म्हणून लिहितो.

पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड चांगलीच खाल्ली गेलीय, आतली कोरी. कॅम्बरमुळे, म्हणजे चाकाच्या उभ्या कलामुळे, असं सांगितलं तिथे. स्विफ्टला पुढे कॅम्बर बदलायची सोय कंपनीने दिलेली नाही. यावर इथे कोणी काही केलंय का? वेगळे बोल्ट मिळतात म्हणे.

तिसरा_गिअर | मंगळवार, रात्री १०:१२

चार पूर्णांक दोन सेकंद. वहीत लिहून घ्या.

टायरवाला_कामठी_रोड | मंगळवार, रात्री १०:४०

बोल्टचं दुकानात येऊन बोलू, इथं लिहिण्यासारखं नाही, गाडी पाहावी लागेल. तोवर चारही टायर फिरवा, पुढचे मागे, मागचे पुढे. बाहेरची कड आत घ्यायची असेल तं रिमवरून काढून उलटे बसवता येतात, पण टायरवर फिरायची दिशा किंवा बाहेरची बाजू छापली असेल तं नाही. आधी पाहून घ्या.

मुरूम_आणि_मी | बुधवार, सकाळी ७:२०

फेब्रुवारीतला पहिला रविवार मैदानावर आहे, विसरले का? १४ इंची रिम ठेवल्या ना?

नरेंद्रनगर_स्विफ्ट | बुधवार, सकाळी ७:५५

ठेवल्यात, गच्चीवर आहेत. पण त्यावरचे २२१६ काढून टाकायला लावलेत काकांनी, स्वतः उभे राहून कापायला लावले, कोणी उचलून वापरू नये म्हणून. तुमच्याकडे १६५ चे जुने पण बऱ्या तारखेचे चार असतील तर शनिवारी घ्यायला येतो. सकाळी येऊ की तर्री संपल्यावर?